चोवीस तास सेवा

माझ्या दवाखान्याची वेबसाइट मी स्वतः, एकटीनं बनवली. वयाच्या साठाव्या वर्षी, मोबाइलवरचे व्हिडिओ बघून बघून. हे मी चार महिने येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते. माझे यजमान, ज्यांना अख्खं गाव मास्तर म्हणतं, घरी पाहुणे आले की आधीच सांगून टाकायचे, "बसा, चहा होईपर्यंत वेबसाइट बघून घ्या." आता मी ते कोणाला ऐकवत नाही. त्या वेबसाइटवर मी लिहिलेल्या एका ओळीपायी पंचविशीतला एक माणूस माझ्या बंद दवाखान्यासमोर मरायला टेकला होता. दिवाळी अंकासाठी तुमच्या व्यवसायातल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती आहेत, त्याही सांगते. पण ती ओळ टाळून मला काही लिहिता येईल असं वाटत नाही.

राळेगाव तालुक्यातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या गावात माझा दवाखाना आहे. पुढे रस्त्याच्या बाजूला ओटा आणि दोन खोल्या, मागे आमचं घर. तीन खाटा, एक फ्रिज, सलाइनचे स्टँड आणि मनोहरभाऊ, एवढा पसारा. मनोहरभाऊ माझे कंपाउंडर. पंचवीस वर्षं माझ्यासोबत आहेत आणि निम्म्या पेशंटांना माझ्यापेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं की खेड्यातल्या डॉक्टरचं काम म्हणजे गोळ्या देणं आणि सुई टोचणं. गोळ्या काय, कोणीही देतं. खरं काम पहिल्या पाच मिनिटांतलं असतं. कोणाला इथे ठेवायचं आणि कोणाला क्षणाचाही वेळ न घालवता तालुक्याला किंवा यवतमाळला धाडायचं, हे ओळखायचं. मी आयुष्यभर लोकांना 'उशीर का केला' म्हणून रागावत आले. माझं तोंड त्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे.

वेबसाइटचं खूळ डोक्यात शिरलं ते अपमानातून. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी सहा आठवडे दवाखाना बंद ठेवला होता. परत आले तर पेशंट कमी. मला वाटलं, लोकांना सवय मोडली असेल. मग एक दिवस शेजारच्या गावचे एक गृहस्थ मास्तरांना भेटायला आले आणि हात जोडून नुसते गप्प बसून राहिले. मी आतून चहा घेऊन आले तर ते उठूनच उभे राहिले. मोबाइलच्या नकाशावर माझ्या दवाखान्याच्या नावापुढे लाल अक्षरांत 'कायमचे बंद' असं लिहून आलं होतं. कोणी लिहिलं ते आजवर कळलं नाही. त्या गृहस्थांनी ते वाचलं आणि दवाखाना कायमचा बंद म्हणजे डॉक्टरीणबाई गेल्या, असा सरळ अर्थ लावला. त्यांनी चहा घेतला, पण माझ्याकडे बघवत नव्हतं त्यांना.

त्याच दिवशी ठरवलं की आपण जिवंत आहोत हे आता आपणच जगाला सांगायचं. यवतमाळला एकाला विचारलं, तर तो म्हणाला, मॅडम तुम्ही फक्त माहिती द्या, बाकी आम्ही करतो. त्यानं बनवलेल्या दोन दवाखान्यांच्या वेबसाइट बघितल्या. दोन्हींवर एकच डॉक्टर हसत होता आणि तो दोन्हींपैकी कुठल्याच दवाखान्याचा नव्हता. म्हटलं, आपलं आपणच करू.

ज्यांना करायची असेल त्यांच्यासाठी सांगते, हे काम वाटतं तितकं अवघड नाही. आधी एक नाव घ्यायचं, जे दुसऱ्या कोणी घेतलेलं नाही. मग त्या नावासाठी जागा भाड्यानं घ्यायची. मग तयार साचे मिळतात, त्यातला एक निवडून आपली माहिती भरत जायची. उन्हाळ्यात दुपारी दोन ते सहा दवाखाना बंद असतो. गाव झोपलेलं, बाहेर आग ओकणारं ऊन आणि मी कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलेली. साच्यात पहिल्याच पानावर एक गोरं कुटुंब हिरवळीवर हसत बसलं होतं. ते काढून माझा फोटो लावला तर माझं डोकं कापलं गेलं, नुसता पदर आणि स्टेथोस्कोप दिसायला लागला. माझं डोकं परत आणण्यात दोन दुपारी गेल्या. पण तिसऱ्या दुपारी ते आलं, तेव्हा मला एखादं अडलेलं बाळंतपण सुखरूप पार पाडल्यासारखा आनंद झाला.

मग आल्या वेळा. साच्यात सोमवार ते रविवार अशा सात चौकटी. उघडायची वेळ, बंद व्हायची वेळ. माझ्या दवाखान्याच्या वेळा त्यात बसेनात. सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ हे झालं लिहायपुरतं. बाजाराच्या दिवशी मी सलग बसते. आणि इतर वेळी कोणाला काही झालं तर तो मागच्या गल्लीत येतो आणि आमच्या मागच्या दाराची कडी वाजवतो. दाराला कुलूप असेल तर समोरच्या घरात ओसरीवर शामरावबुवा खाटेवर असतात. बुवांना चालता येत नाही, पण आम्ही कुठे गेलो, कधी येणार, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. ते सांगतात, बाई नाही, तालुक्याले घेऊन जा. तीस वर्षं हे असंच चालत आलंय. मागच्या दाराची चौकट साच्यात नव्हती.

पण माझ्या पत्र्याच्या बोर्डावर एक ओळ होती. दवाखाना सुरू केला तेव्हा पेंटरनं मला न विचारताच ती रंगवली होती, 'चोवीस तास सेवा'. मी विचारलं होतं तेव्हा त्याला. तो म्हणाला, "डॉक्टरच्या बोर्डावर हे लिवाच लागते, मॅडम." आमच्या भागातल्या झाडून सगळ्या डॉक्टरांच्या बोर्डावर ती ओळ आहे, आणि कोणीही ती शब्दशः घेत नाही. गावाला तिचा अर्थ बरोबर कळतो. डॉक्टर मागेच राहते, कडी वाजवून बघा, एवढाच तो अर्थ. मी तीच ओळ उचलून वेबसाइटवर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत टाकली. मास्तरांनी चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "हे खरं आहे का?" मी फटकारलं त्यांना. म्हटलं, तीस वर्षं बोर्डावर आहे तेव्हा नाही विचारलंत. त्यांनी चष्मा उतरवला. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा चष्मा पुसणं त्यांना सोपं वाटतं.

दुसरी चूक फोनची. माझा स्वतःचा नंबर सगळ्या जगाला द्यायला मी तयार नव्हते. म्हणून दवाखान्यासाठी वेगळा साधा मोबाइल घेतला, तोच नंबर वेबसाइटवर टाकला. तो माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायचा. गावातल्या लोकांकडे माझा खरा नंबर होताच, त्यामुळे त्या ड्रॉवरची कोणाला अडचण झाली नाही.

सगळ्यात मन लावून मी लिहिलं ते फवारणीचं पान. आमच्याकडे श्रावण-भाद्रपदात कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच होते, तिच्यातून पाठीवर पंप घेऊन चालायचं म्हणजे औषध अंगावर येणारच. दर वर्षी पेशंट येतात. तेव्हा मी लिहिलं, अगदी बोलल्यासारखं. चक्कर, घाम, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काही झालं तर पहिले अंगावरचे कपडे काढा. साबण लावून डोक्यापासून आंघोळ घाला. उलटी करवू नका. औषधाची बाटली सोबत आणा. मग ताबडतोब दवाखाना गाठा. एका पुण्याच्या डॉक्टर मैत्रिणीनं ते वाचून फोन केला की इतकं सोपं कोणी लिहीत नाही ग. मी दोन दिवस हवेत होते.

वेबसाइट सुरू झाल्यावर पहिला निरोप आला तो माझं नाव सगळ्यात वर आणून देतो म्हणणाऱ्या एका मुलाचा. त्यानंतर एका गृहस्थानं आपल्या गॅसेसचा इतिहास एवढा लांबलचक लिहून पाठवला की मी अर्ध्यातच सोडला. दुसऱ्या दिवशी तो स्वतः हजर, मी शेवटपर्यंत वाचलं की नाही याची परीक्षा घ्यायला. एकदा पुण्याहून एका मुलानं आपल्या आईसाठी उद्या अकराची वेळ नोंदवली. त्याची आई दवाखान्यापासून दोन घरं सोडून राहते आणि त्या घडीला माझ्यासमोर स्टुलावर बसलेली होती. मी म्हटलं, मावशी, तुमचा नंबर उद्याचा आहे. ती म्हणाली, "मंग आज मी कोन म्हून बसली आहो?" असे आमचे दिवस मजेत चालले होते, आणि पोळा आला.

पोळ्याला आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो. गाडीनं पाऊण तासाचं अंतर. शामरावबुवांना सांगितलं, मनोहरभाऊंना सांगितलं, मागच्या पुढच्या दाराला कुलपं लावली. आठ दिवसांची पावसाची झड त्या दिवशी सकाळी उघडली होती आणि चांगलं लखलखीत ऊन पडलं होतं. आमच्याकडे पोळ्याला कोणी शेतात काम करत नाही. पण एका शेतावर दोन महिन्यांपूर्वी वणीकडून आलेलं एक जोडपं राहत होतं, संतोष आणि वैशाली. संतोष ठेक्यानं फवारणी करायचा. झडीमुळे काम तुंबलं होतं, म्हणून तो सकाळीच पंप घेऊन कपाशीत शिरला. बायकोनं आज नको म्हटलं तर म्हणाला होता, आपल्याकडं बैल नाही, मग कायचा पोळा. हे सगळं मला नंतर कळलं.

साडेचारच्या सुमारास माझा फोन वाजला. मनोहरभाऊ होते. पोळा फुटल्यावर, म्हणजे जमलेले बैल मिरवत घरोघरी निघाले की, ते दर वर्षी आपल्या भावाची बैलजोडी दवाखान्याच्या दारात आणतात. आम्ही असो नसो, बैलांना उंबऱ्यापाशी उभं करून, पाया पाडून मगच पुढे जातात. त्या दिवशी बैल घेऊन आले आणि बघतात तर ओट्यावर माणूस पडलेला.

"मॅडम, एक पोट्टं आहे. तोंडातून फेस येऊन राह्यला. फवारनीचं दिसते. बायको संगं आहे."

मी म्हटलं, आधी कपडे काढा त्याचे, साबणानं धुवून घ्या.

"आंघोळ घालूनच आनलं म्हनते. बाटली बी आनली. तुमच्या वेबसाइटवर लिवलं आहे म्हनते, तसंच केलं तिनं."

माझ्या हातात आरतीचं ताट होतं. ते मी कुठे ठेवलं मला आठवत नाही. मास्तरांनी माझं तोंड बघून गाडीची किल्ली घेतली. मनोहरभाऊंना मी रुग्णवाहिका बोलवायला लावली आणि दवाखाना उघडायला सांगितलं. किल्ली त्यांच्याकडे होती. आम्ही गाडीत बसेपर्यंत त्यांनी त्याला आत खाटेवर घेतलं होतं. फोन स्पीकरवर ठेवा म्हटलं आणि एकेक गोष्ट विचारत गेले. डोळ्यांत टॉर्च मारा, बाहुल्या बघा. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. छातीला कान लावा. आत घरघर. दंडाचं मांस आपोआप थरथरत होतं. मला जे ऐकायचं नव्हतं ते सगळं ते एकामागून एक सांगत होते. रुग्णवाहिका तालुक्याहून निघाली होती, पण पोळ्याच्या दिवशी रस्त्यानं किती वेळ लागेल हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नव्हतं. आणि माझ्या फ्रिजशेजारच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, अ‍ॅट्रोपीनचा डबा भरलेला होता. या विषावर तेच पहिलं औषध. शिरेतून द्यायचं, छाती कोरडी होईपर्यंत देत राहायचं. द्यायला डॉक्टर समोर हवा, आणि डॉक्टर बैलांच्या मागे अडकली होती.

पहिल्याच गावात रस्त्यावर पोळा फुटलेला. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, पुढे ढोल आणि कोणीतरी मोठ्यानं झडत्या म्हणत होतं, त्या पोळ्याच्या गाण्यांना सगळं गाव ओरडून साथ देत होतं. हॉर्न वाजवायची सोय नाही, बैल बुजले तर माणसं तुडवली जातील. मास्तर घामानं भिजलेले. मी काच खाली करून ओरडले, पेशंट मरतोय, बाजूला व्हा. एक म्हातारा काठी टेकत जवळ आला आणि शांतपणे म्हणाला, "बाई, आज बैलाचा दिवस आहे, दमानं घ्या." मला त्याचा इतका राग आला की काय सांगू. मग त्यानंच माझा चेहरा बघितला, मागे वळून दोन हाका मारल्या, आणि बैल एका बाजूला झाले.

तोवर मी निर्णय घेतला होता. कायद्याच्या पुस्तकात तो बसत नाही, मला माहीत आहे. मी म्हटलं, मनोहरभाऊ, तुम्हीच द्या.

"मॅडम, मी कंपाउंडर आहो."

"मला ठाऊक आहे. जे होईल ते माझ्यावर. शीर धरा."

पलीकडे कपाट उघडलं. मग ट्रेमध्ये काच मोडल्याचा बारीक आवाज आला, अँप्युल फोडल्याचा. मी मोजत होते, ते मोठ्यानं सांगत होते, गेलं, मॅडम. पाच मिनिटं थांबा, पुन्हा छाती ऐका. घरघर आहे. पुन्हा द्या. मग सागाचं जंगल लागलं आणि फोन कटला. त्या सात-आठ किलोमीटरमध्ये रेंज येत नाही. मी मास्तरांचा दंड धरून बसले होते, इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी तिथे बोटांचे वळ दिसत होते. ते एकदाही हळू धर म्हणाले नाहीत. तेव्हा मला त्यांचा तो प्रश्न आठवला, हे खरं आहे का, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

जंगल संपलं, फोन लागला. मनोहरभाऊंचा आवाज बदललेला होता. "घरघर कमी झाली, मॅडम. पन श्वास लई हळू आहे." आम्ही पोचलो त्याच वेळी रुग्णवाहिका दारात उभी राहत होती. बैलजोडी अजून ओट्यापाशी खांबाला बांधलेली होती. मी तशीच रुग्णवाहिकेत चढले.

यवतमाळपर्यंत मी त्याच्या उशाशी होते, श्वास द्यायची रबरी पिशवी हातानं दाबत. पायाशी वैशाली बसलेली, ओली साडी, मांडीवर ती औषधाची बाटली. मी विचारलं, कधी पोचलात दवाखान्यापाशी? तिनं सांगितलं. शेतावरून एक मालवाहू ऑटो जात होता, त्यात घातलं. तिनं मोबाइलवर शोधलं, माझं पान उघडलं, वाचून आंघोळ घातली होती आधीच. फाट्यावर आल्यावर ऑटोवाल्यानं विचारलं, तालुक्याला घेऊ की या गावात? तिनं 'चोवीस तास सेवा' वाचलं आणि इकडे वळवायला सांगितलं. ऑटोवाला त्यांना ओट्यावर उतरवून गेला. रस्ता रिकामा, सगळं गाव पोळ्याला. तिनं नंबर लावला. "आतून फोन वाजल्याचा आवाज येऊन राह्यला होता," ती म्हणाली, "म्हनून आम्ही बसलो." चाळीस मिनिटं.

माझ्या ड्रॉवरमधला तो फोन. मागच्या गल्लीत वीस पावलांवर शामरावबुवा जागे होते. पण मागे गल्ली आहे, तिथे एक म्हातारा आहे आणि त्याला विचारायचं असतं, हे बाहेरून आलेल्या बाईला कोण सांगणार? मी पिशवी दाबत राहिले. तिला वाटलं असावं की तिच्या फोनमुळेच मनोहरभाऊ धावत आले. मी तसं वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम काय केलं असेल तर ती ओळ काढली. दोनदा चुकीचंच काहीतरी पुसलं गेलं. फोन ड्रॉवरमधून माझ्या पर्समध्ये आला तो आजवर तिथेच आहे. संतोष अकरा दिवस श्वासाच्या यंत्रावर होता. मी एक दिवसाआड जात होते. तिथले डॉक्टर म्हणायचे, आंघोळ घातली आणि वेळेवर अ‍ॅट्रोपीन गेलं म्हणून वाचतोय. वेळेवर हा शब्द ऐकला की मी खिडकीबाहेर बघायची. तो वाचला. पण पुढे त्याच्या पायांतला जोर गेला, पोटऱ्या बारीक झाल्या. या विषात असं कधी कधी उशिरा होतं, लवकर उपचार झाला तरीही होतं. मी पुस्तकं उघडून हे चार चार वेळा वाचलं. वाचून बरं वाटलं नाही.

मग एक दिवस मास्तरांनी मला मोबाइल दाखवला. नकाशावर, दवाखान्याच्या नावाखाली, वैशालीनं अभिप्राय लिहिला होता. पाच तारे. 'माझ्या नवऱ्याला विषबाधा झाली होती. फोन केला, थोड्या वेळात दवाखाना उघडला. मॅडमनी जीव वाचवला. चोवीस तास सेवा खरी आहे.' खाली कितीतरी लोकांनी अंगठे दिलेले. मी माझ्या हातानं काढलेली ओळ आता तिच्या नावानं तिथे उभी होती, आणि दुसऱ्याचा अभिप्राय मला पुसता येत नाही. पुढच्या पोळ्याला आणखी कोणी फाट्यावर उभं राहून तेच वाचणार होतं. ती पुसायची तर तिला खरं सांगावं लागणार होतं. मी पंधरा दिवस टाळलं. लोकांना उशिराबद्दल रागावणारी मी.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी दोघं आले. संतोष काठी धरून. तिनं नारळ आणि खण आणला होता, माझी ओटी भरायला. मी ते हातात घेतलं नाही. म्हटलं, आधी बस आणि ऐक. मनोहरभाऊ औषधाच्या खिडकीत उभे होते, ते तिथून हलले नाहीत. मी सगळं सांगितलं. मी त्या दिवशी माहेरी होते. फोन ड्रॉवरमध्ये होता. मनोहरभाऊ बैल घेऊन आले म्हणून तुम्ही दिसलात, नाहीतर आम्ही दुसऱ्या दिवशी येणार होतो. चोवीस तास हे खोटं होतं.

तिनं नारळ मांडीवर ठेवला. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"म्हनजे फोन वाजून राह्यला होता तवा आत कोनीच नव्हतं."

"कोणीच नव्हतं."

"मले वाटलं तुम्ही गावातच कुठं असान." मग तिनं संतोषकडे बघितलं, त्याच्या पायांकडे. "मी याईले सांगत होती, वाजून राह्यला ना, आता उघडतीन, आता उघडतीन."

संतोष जमिनीकडे बघत होता. मला रडू आलं, आणि पेशंटसमोर मी तीस वर्षांत रडले नव्हते. मी तिला म्हटलं, तो अभिप्राय काढून टाक, आणि जे घडलं तेच लिही. तारे एकच दे. तिनं मोबाइल काढला. बराच वेळ लिहीत होती, एका बोटानं. मध्ये एकदा थांबली तेव्हा वाटलं आता उठून जाईल. पण तिनं विचारलं ते एवढंच, की तालुक्याचा दवाखाना रात्रंदिवस उघडा असतो ना? मी हो म्हटलं. मग तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. तारे पाचच ठेवले होते. मी काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, आंघोळ घालायचं तुम्हीच लिवलं होतं.

तिनं लिहिलेली तीन वाक्यं आता माझ्या वेबसाइटच्याही पहिल्या पानावर आहेत, सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत. तिला विचारून घेतली, आणि एक अक्षर बदललं नाही.

'मॅडम गावात नसल्या तर इथे थांबू नका. सरळ तालुक्याला जा. आम्ही थांबलो होतो.'